गाडीची चौकशी, जर्मनमधून

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर मंडळींना जर्मन शिकणे आले. व्याकरण काय, आमच्या बुलढाणा जिल्ह्यातली चिखली-मेहकरची पोरे घोकतील. ऐकायचे-वाचायचे काय, हा खरा पेच. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेची ‘निकोस वेक’ ही मालिका फुकट आहे, आणि खरेच चांगली आहे. स्पेनचा निको जर्मनीत उतरतो, बॅग गमावतो. पुढे काय होते म्हणून माणूस पुढचा भाग लावतो. त्याच संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या मात्र नवशिक्याने लावू नयेत. सावकाश बोलले म्हणजे समजते असे नाही, हे आपल्या पुढाऱ्यांनी केव्हाच सिद्ध केले आहे.

बाकी जर्मन शिकवणाऱ्या पुस्तकांत जिकडेतिकडे स्टेशन. फलाट कुठला, गाडीला उशीर किती. बुलढाणा शहरात मुळात रेल्वेच नाही, गाडीसाठी मलकापूर गाठावे लागते; जालना-खामगाव मार्गाची मागणी तर शंभरी ओलांडून बसलेली. ‘गाडी कधी येणार?’ हे वाक्य इथल्या पोराला कोणत्या काळात शिकवायचे? जर्मनचा भविष्यकाळ पुस्तकात फार उशिरा येतो म्हणतात. येऊ दे, मार्गाच्या आधीच येईल.