वसुली मार्गे कोल्हापूर

पुण्याहून अंबाबाईच्या दर्शनाला निघताना आमच्या साडूंनी चकल्यांपासून छत्रीपर्यंत सगळं घेतलं होतं. गाडीचा हप्ता तेवढा बाउन्स झाला होता. कात्रजच्या बोगद्याआधीच फोन आला, "आज भरा, नाहीतर दिसेल तिथं गाडी उचलू."

तेव्हापासून आम्ही निसर्ग पाहत होतो आणि साडू आरसा. खंबाटकी घाटात आम्हाला ढग दिसले, त्यांना मागची मोटारसायकल. टोलनाक्यावर गाडी हळू होते आणि वसुलीवाले तिथंच मोबाइलवर नंबर ताडून पाहतात, हे त्यांनी ऐकलेलं. त्यामुळे खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे हा प्रत्येक नाका त्यांनी श्वास रोखून पार केला. साताऱ्यात अजिंक्यतारा दाखवला, तर म्हणाले, "वर गाडी जाते का? लपवायला बरं."

कराडला चहाला थांबलो आणि खरंच एक तरुण गाडीसमोर उभा राहिला. "साहेब, चावी द्या."

साडूंचा हात खिशात गेलाही होता, तेवढ्यात मागच्या सीटवरून सासूबाई उतरल्या. पतसंस्थेच्या वसुली विभागातून निवृत्त झालेल्या.

"ओळखपत्र? बँकेचं अधिकारपत्र?"

"मावशी, मोबाइलमध्ये यादी आहे ना."

"यादी किराणावाल्याकडेही असते. घड्याळात किती वाजले? सातनंतर वसुलीचा फोनसुद्धा करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि माणसं लावून दांडगाईनं गाड्या ओढू नका, हे सर्वोच्च न्यायालयानं २००७ सालीच सांगितलंय. एका हप्त्यात गाडी उचलतोस? ९० दिवस थकल्याशिवाय खातं एनपीए होत नाही रे!"

तरुण चहा न घेताच गेला. साडूंची छाती फुगली.

"तुम्ही फुगू नका, जावईबापू. आरसीवर बँकेचा बोजा आहे तोवर गाडी निम्मी त्यांचीच. नोटीस देऊन रीतसर आले, तर मीच चावी काढून देईन. बँकेला स्वतःहून फोन करा, तारीख मागून घ्या, आत्ता जमतील तेवढे भरा."

साडूंनी तिथंच दंडासकट हप्ता भरला. गाडी पुन्हा हायवेला लागली. पहिल्यांदाच त्यांनी आरसा सोडून उसाची शेतं पाहिली.

"छान," सासूबाई पर्समधून डायरी काढत म्हणाल्या, "बँकेचं मिटलं. आता डाउन पेमेंटला माझ्याकडून नेलेल्या रकमेचं बोलू."

सासूबाईंना सातनंतरचा नियम लागू नव्हता, आणि किणी टोलनाका अजून यायचा होता.