कूलरमागचा किरायेदार

यवतमाळात रिटायर झालेल्या माणसापुढे दोनच वाटा असतात. एक तर तो भजनी मंडळात जातो, नाहीतर पक्षीमित्र होतो. दुसऱ्या जातीची ओळख सोपी: गळ्यात दुर्बीण, खिशात वही आणि आपण बोलत असताना कधीही वर होणारं बोट. "श्शऽऽ! ऐकलं?" आपल्याला फक्त पिठाची चक्की ऐकू आलेली असते. त्यांना तिच्याआडून टुकटुकणारा तांबट ऐकू येतो.

आमच्या गल्लीतले काका अस्सल याच जातीचे. पाहुणे टिपेश्वरचा वाघ पाहायला म्हणून येतात आणि पहाटे सहाला काकांच्या अंगणात नाचण पाहत बसतात. तारेवरच्या हिरव्या पाखराला कोणी पोपट म्हटलं की त्याचा चहा गेला. 'वेडा राघू' म्हणणाऱ्याला बिस्कीटही मिळतं. ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंतचा पक्षी सप्ताह, हा त्यांचा गणेशोत्सव. त्या आठवड्यात एकही शाळा त्यांच्या तावडीतून सुटत नाही.

आपला राज्यपक्षी हरियाल उंबरं खातो, म्हणून त्यांनी कुंपणाशी उंबर लावला. हरियाल अजून यायचाय, भिंतीला भेग आली. प्लायवुडची घरटी टांगली, त्यांत मुंगळे नांदतात. बाजरीचं ताट खार आणि कबुतरं वाटून घेतात. पाखरं येतात ती काकांनी हात न लावलेल्या जागी. न छाटलेल्या कढीपत्त्याच्या काळ्या फळांवर बुलबुल, गळक्या नळाखाली दयाळ आणि वांग्याची पानं कापसाने टाचत बसलेला शिंपी. (कापसाला भाव असो नसो, शिंप्याचं काम अडत नाही.)

एप्रिलात कूलरची खस बदलायला काका मागे गेले आणि चोरपावलांनी परतले.

"कूलर लावायचा नाही."

"काऊन?"

"बुलबुल बसलीय. तीन अंडी आहेत."

गुलाबीसर, तपकिरी ठिपक्यांची. मलाही दाखवली, श्वास रोखायला लावून. मग वहीत हिशेब मांडला: अंड्यांचे चौदा दिवस, पिल्लांचे बारा-तेरा. पारा चव्वेचाळीसवर आणि घरदार ओल्या चादरी पांघरून पडलेलं.

"नळ येते आठ दिवसानं," काकू कुंपणावरून मला सांगत होत्या. "पह्यला तांब्या पाखराच्या भांड्यात, मंग माह्या हंड्यात. अन् आता हवाबी त्यायलेच!"

सत्ताविसाव्या दिवशी पिल्लं उडाली. बटण काकूंनी स्वतः दाबलं. कूलर घरघरला, पहिला गार झोत आला, तोच काकांचं बोट वर झालं. खिडकीबाहेर चोचीत काडी धरून बुलबुल हजर.

"दुसरी वीण दिसते," काका कुजबुजले.

काकूंनी बटण बंद केलं.

"राहू द्या. पन या बारी किराया घ्या."