नावं ठेवणारा

स्टारक्राफ्ट हा संगणकावरचा युद्धखेळ. तो खेळायला बोटं लागतात आणि समजायला डोकं. आमचा गृहस्थ नुसत्या तोंडावर भागवायचा.

स्थळ दक्षिण कोरियातलं सोल, काळ २००० नंतरची आठ-दहा वर्षं. तासाच्या भाड्यानं संगणक देणारी, रात्रभर उघडी असणारी पीसी बांग गल्लोगल्ली झालेली, आणि टीव्हीवर संगणकी खेळांच्या स्वतंत्र वाहिन्या. प्रत्येक बांगमध्ये असा एक गृहस्थ हमखास सापडायचा. स्वतः खेळायला बसला की पाचव्या मिनिटाला त्याचा तळ बेचिराख, म्हणून तो बसायचाच नाही. दुसऱ्याच्या खुर्चीमागे नूडल्सचा कागदी पेला घेऊन उभा राहायचा. सामना संपला की बाकीचे कोण कसं जिंकलं यावर भांडायचे. हा बारशाला आलेल्या आत्याच्या अधिकारानं विचारायचा, "ते राहू द्या. याचं नाव काय ठेवायचं?"

वास्तविक खेळाडूंनी आपापली नावं आधीच ठरवलेली असत. पण स्वतःचं नाव स्वतः ठेवणं हा या गृहस्थाच्या लेखी निव्वळ आगाऊपणा. चे यन-संग नावाच्या खेळाडूनं स्वतःला 'आयलव्हऊव्ह' असं प्रेमळ नाव घेतलं होतं. खेळायला बसला की मात्र त्याचे रणगाडे संपता संपायचे नाहीत. एवढं धन हा आणतो कुठून, हे समोरच्याला शेवटपर्यंत कळायचं नाही. गृहस्थानं प्रेम बाजूला सारलं आणि 'राक्षस' म्हणून मोकळा झाला. तेवढ्यानंही भागेना, तेव्हा 'चीटर' म्हणाला. कौतुकानं, बरं का! या खेळात एकट्यानं खेळताना 'शो मी द मनी' असं टाइप केलं की फुकटात धन मिळतं. त्याचा सगळा रोख तिकडे होता.

इम यो-ह्वाननं २००१ साली ऑनगेमनेट वाहिनीची मोठी लीग दोनदा जिंकली आणि तो 'सम्राट' झाला. पुढे भक्ती इतकी वाढली की सम्राट म्हणणंही सलगीचं वाटू लागलं. मग नुसतं 'ते'. "आज ते खेळणार आहेत" एवढंच म्हणायचं. कोण, असं विचारणाऱ्याकडे आमचा गृहस्थ ज्या नजरेनं बघायचा, तिला वेगळं नाव लागलं नाही.

या धंद्यात त्याला एकच प्रतिस्पर्धी होता, आणि तो पगारी होता. अम जे-ग्यंग हा मूळचा चित्रकथालेखक, वाहिनीवर समालोचक म्हणून बसलेला. साध्या खेळाडूभोवती गोष्ट रचून त्याला पदवी बहाल करण्यात त्याचा हातखंडा. गृहस्थाची तक्रार कायमची: "ते नाव मी आधी म्हटलं होतं, यानं टीव्हीवर म्हटलं इतकंच." न चाललेल्या नावांचं पितृत्व मात्र त्यानं कधीच स्वीकारलं नाही. ती सगळी शेजारच्या खुर्चीवरच्या पोरानं सुचवलेली असत.

एकदा दिलेलं नाव वाढवत न्यायचीही त्याची पद्धत सरकारी नोकरीसारखी शिस्तशीर होती. ली यंग-हो चौदा-पंधरा वर्षांचा असताना आला तेव्हा तो 'छोटा राक्षस'. मग बढती मिळून 'अंतिम अस्त्र'. शेवटी शब्द संपले आणि नावामागे सरळ 'गॉड' लागलं. त्यापुढे बढतीची सोय कुठल्याच खात्यात नाही. कंटाळा आला की तो जोडकामही करायचा. किम थेक-योंग, साँग ब्यंग-गू, ली यंग-हो आणि ली जे-दाँग हे चौघं एकाच काळात शिखरावर होते. चार नावं कोण घेत बसणार? याचा 'थेक', त्याचा 'ब्यंग' ओढूनताणून 'बँग' केलेला आणि उरलेले दोघे 'ली' म्हणून 'रीस्सांग', म्हणजे 'लीची जोडी', अशी मोट बांधून एकच लांबलचक शब्द तयार केला: 'थेकबँगरीस्सांग'. नूडल्स तोंडात असताना तो म्हणून पाहण्यासारखा आहे.

किम थेक-योंगला 'क्रांतिकारक' ही पदवी मिळाली ती ३ मार्च २००७ च्या एकाच संध्याकाळी. 'माएस्ट्रो' म्हणून गाजलेल्या मा जे-युनला त्यानं अंतिम सामन्यात ३-० असं झोपवलं होतं. २०१० साली तोच माएस्ट्रो सामनानिश्चितीत सापडला आणि त्याच्यावर आजीवन बंदी आली. गृहस्थानं दिलेली पदवी काढून घेतली. नंतर जी नावं दिली ती इथे छापण्यासारखी नाहीत.

पण त्याची खरी प्रतिभा बघायची तर हाँग जिन-होकडे वळावं. हा कसलेला खेळाडू, हल्ल्याचा वेग असा की 'वादळ' म्हणून ओळखला जायचा. मात्र त्या काळच्या दोन्ही मोठ्या लीगमध्ये अंतिम सामन्यांपर्यंत पोचून एकदाही विजेता झाला नाही. दुसरा, पुन्हा दुसरा. जिंकणाऱ्याला एक नाव पुरतं. या दुसऱ्या येणाऱ्यावर गृहस्थानं आख्खा संसार उभारला. चणीनं लहान म्हणून त्याला 'खोंग' म्हटलं, म्हणजे शेंगेतला दाणा. दाणा सोलल्याशिवाय चव नाही, असं म्हणून त्याला सोलायला सगळे मोकळे. नेहमी दुसरे येणाऱ्या इतर बिचाऱ्यांची 'खोंग रांग' झाली. त्याच्याविषयी काहीही बोलायचं ते दोनदा बोलायचं. त्याच्याविषयी काहीही बोलायचं ते दोनदा बोलायचं. फेब्रुवारीची २२ तारीख हा त्याचा सण.

त्याचे आणि सम्राटांचे सामने म्हणजे 'इमजिनरोक'. इमचा इम, जिन-होचा जिन, आणि वर सोळाव्या शतकातल्या जपानी आक्रमणाच्या कथेचं भारदस्त शीर्षक. १२ नोव्हेंबर २००४ ला दोघं उपांत्य सामन्यात भिडले. महायुद्ध होणार म्हणून लोकांनी तळलेलं चिकन मागवून ठेवलं. सम्राटांनी सुरुवातीलाच बंकरचा धडक डाव टाकून पहिला गेम घेतला, दुसऱ्यात तोच डाव, तिसऱ्यात पुन्हा तोच. चिकन दारात येण्याआधी सामना आटोपला होता, अशी आठवण तिथले लोक आजही सांगतात. गृहस्थानं थंडपणे पैसे दिले, तंगडी उचलली आणि त्या पराभवालाही नाव ठेवलं: तीन बंकर एका ओळीत, म्हणून 'सामयनबंग'.

आता तो चाळिशीत असेल. पोरं 'लीग ऑफ लीजेंड्स' बघतात. तिथला फेकर २०१३ साली सतराव्या वर्षी जगज्जेता झाला. चष्मा लावणारा, पुस्तकं वाचणारा शांत मुलगा. त्याला म्हणतात 'अमर दैत्यराज'. गृहस्थाला हे नाव लांब वाटतं. हल्ली त्याच्या खऱ्या नावातलं आडनाव काढून त्या जागी नुसतं 'थोर' लावतात, 'थोर सांग-ह्योक', ते त्याला पसंत आहे. ते आपणच आधी म्हटलं होतं, असंही तो सांगतो.

हाँग जिन-हो निवृत्त झाला आणि २०१३ साली 'द जीनियस' या टीव्हीवरच्या डोकेबाज खेळांच्या स्पर्धेत उतरला. तिथे तो पहिला आला. गृहस्थानं अभिनंदन केलं, दोनदा. नाव मात्र बदललं नाही.