रस्सा कधी चढवला?

इंदुरात पोह्यांवर जीरावन मसाला कमी पडला तर गिऱ्हाईक तिथल्या तिथे बोलून दाखवतं. जलेबी थंड निघाली तर परत करतं. तेच गिऱ्हाईक विजयनगरच्या एखाद्या कॅफेत पाकिटातल्या नूडल्सवर अर्धं उकडलेलं अंडं ठेवलेला वाडगा जपानी रामेन म्हणून मुकाट्याने खातं, पोह्यांच्या दहा प्लेटींचे पैसे मोजतं, फोटो काढतं आणि उठतं. मला कॅफेवाल्याचा राग कमी येतो, गिऱ्हाइकाचा जास्त. ज्या गावाच्या जिभेला अख्खा मध्य प्रदेश मानतो, ती जीभ परक्या पदार्थापुढे गप्प का बसते?

आमच्या बेटम्याची पोरं सुटीच्या दिवशी मोटारसायकली काढून इंदूर गाठतात. पंचवीस-तीस किलोमीटरचा रस्ता. जपान आम्हाला अनोळखी नाही. शेजारच्या पीथमपुरात ब्रिजस्टोनचे टायर 1990च्या दशकापासून बनतात. पण या पोरांना वेड लावलं ते ‘नारुतो’ या जपानी कार्टून मालिकेने. त्यातला नायक उठता-बसता रामेनचे वाडगे रिचवतो. पोरं विचारतात, “काका, इंदुरात चांगलं रामेन कुठं मिळेल?” मी पत्ता सांगत नाही. कॅफे उघडतात, बंद पडतात, आचारी पगार वाढला की दुसरीकडे जातो. पत्ता सहा महिन्यांत खोटा ठरतो. चाचणी मात्र कुठल्याही शहरात चालते.

पहिला प्रश्न काउंटरवरच विचारायचा: रस्सा कशाचा, आणि आज कधी चढवला?

रामेनचा सगळा जीव रश्श्यात असतो. कोंबडीची नाहीतर डुकराची हाडं तासन्‌तास शिजवावी लागतात. क्यूशू बेटावरचा तोन्कोत्सु रस्सा तर मोठ्या आचेवर दहा-बारा तास खदखदत ठेवतात, तेव्हा हाडांतला चिकट अंश आणि चरबी पाण्याशी एकजीव होऊन तो दाट, पांढरा होतो. वाडग्याच्या तळाशी आधी ‘तारे’ घालतात, म्हणजे खारट अर्क: सोया सॉसचा, मिठाचा किंवा मिसो नावाच्या आंबवलेल्या लगद्याचा. त्यावर उकळता रस्सा, थोडं सुवासिक तेल, मग नूडल्स. अंडं, मांस, कांद्याची पात हे सगळं शेवटी. आमच्याकडे उलटं चाललंय. वरची सजावट झकास, आणि खाली गरम पाण्यात कालवलेली पेस्ट. ज्याने खरोखर हाडं चढवली आहेत तो या प्रश्नाने खूश होतो आणि पातेलं दाखवायला आत बोलावतो. ज्याने पाकीट फोडलंय तो मॅनेजरकडे बघतो.

दुसरी चाचणी मेन्यूची. पिझ्झा, मोमो, व्हाइट सॉस पास्ता, थाळी आणि शेवटच्या पानावर रामेन असेल तर उठा. जो रस्सा दिवसभर शिजवायचा, तो दिवसभर खपलाही पाहिजे. दिवसाला दोन वाडगे जाणार असतील तर कुठलाही मालक गॅस जाळत बसणार नाही. जपानात कित्येक दुकानांत मोजकेच प्रकार आणि मोजक्याच खुर्च्या असतात. रस्सा संपला की त्या दिवसाचं दुकान बंद. इंदूरकराला हे पटवून द्यायची गरजच नसावी. सराफ्यात रात्री दागिन्यांची दुकानं मिटल्यावर जी चूल पेटते, तिथे कित्येक जण एकाच पदार्थावर नाव कमावतात. ही शिस्त सराफ्यात आपल्याला कळते आणि काचेच्या दारामागे एसीत बसलो की विसरतो.

नूडल्स ओळखणं मराठी घरांत अवघड जाऊ नये. रामेनच्या कणकेत ‘कान्सुई’ नावाचं क्षाराचं पाणी घालतात. त्यात सोडियम कार्बोनेट आणि पोटॅशियम कार्बोनेट असतं. आपल्या पापडखारातही मुख्यतः हेच सोडियमचे क्षार. त्याने नूडल्सला तो फिकट पिवळा रंग, किंचित खारा वास आणि दाताखाली ताण येतो. ज्या आजीने आयुष्यभर उडदाचं पीठ पापडखार घालून कुटलं, तिला एक घास द्या. खार पडलाय की नाही ते ती सांगेल. पाकिटातल्या नूडल्स बहुतेक तळून सुकवलेल्या असतात. मोमोफुकु आंदो यांनी 1958 साली शोधलेली ती युक्ती मोठीच होती, तिने जगाची भूक भागवली. तिचा मला आदर आहे. पण ती वस्तू पाकिटाच्या भावाने विकावी.

घरपोच रामेन मागवू नका. नूडल्स रश्श्यात पडल्यापासून फुगू लागतात. जपानी माणूस दहा मिनिटांत वाडगा रिकामा करतो तो यासाठीच. रस्सा आणि नूडल्स वेगळ्या डब्यांत देणारा निदान प्रामाणिक म्हणावा, पण रामेन दुकानात बसूनच खायचा पदार्थ आहे.

आता शाकाहाराचं. इंदुरात शाकाहारी पुष्कळ, त्यामुळे कॅफेवाला हात वर करतो: “व्हेजमध्ये एवढंच होतं.” हे साफ खोटं. जपानी मठांतलं जेवण शाकाहारी आहे आणि त्याचा पाया कोम्बु नावाच्या समुद्री वनस्पतीचा आणि सुक्या शिताके मशरूमचा रस्सा हाच. टोकियो स्टेशनात ‘टीज तानतान’ नावाचं दुकान मांस, अंडी, दूध काहीही न वापरता रामेन देतं आणि लोक तिथे रांग लावतात. शाकाहारी माणसाने एवढंच विचारून घ्यावं, की रश्श्यात सुक्या माशाचा कीस नाही ना. भाज्या उकळलेल्या पाण्यात चिली सॉस ओतणाऱ्याला मात्र माफी नको.

आणि माझी खरी तळमळ इथून सुरू होते. पावसाळ्यात बेटम्याहून कुठल्याही दिशेला चला, दोन्ही बाजूंना सोयाबीन. सोयाबीनवर संशोधन करणारी देशाची संस्था 1987पासून इंदुरात आहे. प्रक्रिया उद्योगाची ‘सोपा’ ही संघटना इंदूरची. न्यूट्रेलाची वडी घरोघर पोहोचवणारी रुची सोया इंदूरचीच होती. मिसो कशाचं? सोयाबीनचं. खरा सोया सॉस कशाचा? सोयाबीन, गहू, मीठ, पाणी. टोफू, सोया दूध, सगळं याच शेतातलं. आणि आम्ही काय करतो? तेल काढतो, पेंड कोंबड्यांच्या खाद्याला पाठवतो, आणि जेवणात काळा रंग आणि मीठ यांचं पाणी सोया सॉस म्हणून ओततो. चांगला सोया सॉस महिनोन्‌महिने आंबवावा लागतो, मिसोलाही तेवढाच धीर लागतो. ज्या घरांत लोणचं वर्षभर मुरतं, त्यांना हा धीर शिकवायला नको.

मका घ्या. जपानच्या उत्तरेला होक्काइदोत सप्पोरो शहर आहे. तिथलं मिसो रामेन प्रसिद्ध, आणि त्यावर मक्याचे दाणे आणि लोण्याचा तुकडा घालायची पद्धत रूढ आहे. सोयाबीनचं मिसो, मक्याचे दाणे, लोणी: हा वाडगा माळव्याचा नाही तर कुणाचा? भुट्ट्याचा कीस जन्माला घालणाऱ्या शहरात हे अजून कुणाला सुचू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं. उलट तंदुरी रामेन आणि पनीर रामेन यांचे फलक लागतात. पदार्थाला आपलं करायचं तर आपलं धान्य त्यात घाला. आपला मसाला वरून भुरभुरून काय होणार?

रामेन स्वतः प्रवासी पदार्थ आहे. गव्हाच्या नूडल्स चिनी माणसांनी योकोहामासारख्या बंदरांत आणल्या. टोकियोच्या असाकुसा भागात 1910 साली राइराइकेन हे दुकान निघालं तेव्हा त्याचे आचारीही योकोहामाच्या चिनी वस्तीतले होते. पुढे प्रत्येक गावाने आपला रस्सा घडवला. मुंबईत वांद्र्याला नूरेशा काब्ली यांनी 2018मध्ये ‘इझुमी’ काढलं. छोटी जागा, पण रामेनसाठी लोक तिथे ताटकळले. गिऱ्हाईक जाणतं असेल तर आचारी कष्ट घेतो. इंदुरात जाणतं गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे.

तेव्हा पोरांनो, पुढच्या सुटीत गेलात की बसायच्या आधी काउंटरवर विचारा. उत्तर मिळालं तर जेवा, चव आवडली तर आचाऱ्याला बोलावून सांगा आणि चार जणांना घेऊन पुन्हा जा. उत्तर मिळालं नाही तर सरळ उठून सराफ्यात या. आणि ज्याला इंदुरात रामेनचं दुकान काढायचं आहे त्याने पेस्टची बरणी मागवण्याआधी एकदा खंडवा रोडवरच्या सोयाबीन संस्थेत जाऊन यावं.