सामाईक कवेलू

सालेकसा तालुक्यात, दरेकसाच्या डोंगरपायथ्याला, रोहिणी लागल्या की कवेलू फेरायची घाई सुरू होते. माकडांनी फोडलेली कवेलू काढायची, सडलेल्या कामट्या बदलायच्या, मिरगाच्या आत छप्पर धड करायचं. घर एकट्याचं असेल तर शिडी लागते. भावाभावांचं सामाईक असेल तर आधी बैठक भरते. गळतंय थोरल्याच्या सपरीत, फुटलंय धाकट्याच्या पाखावर, आणि मधला नागपुरात. तो फोनवर “तुम्ही ठरवाल ते मान्य” म्हणतो. वर्गणीचं काढलं की त्याची रेंज जाते. सडा-सारवण, पाणी भरणं, ओल्या भिंती लिंपणं यावर मात्र कधीच वाद होत नाही. ती कामं सुनांची, आणि सुनांना बैठकीत फक्त चहा द्यायला बोलावतात.

घरकुल घ्यावं, तर सरकारी अनुदान मिळतं. पण नमुना आठवर नावं तिघांची. संमतीला तिघेही तयार. पहिली सही कोणी करायची, एवढंच अडलंय. तोवर एकमताने ठराव झाला: ताडपत्री टाकावी. पैसे थोरल्याने द्यावेत, कारण तो थोरला.