सेटिंगकर, मुक्काम पोस्ट मॅन्युअल

त्यांचं मूळ आडनाव कुलकर्णी, जाधव, सावंत किंवा फर्नांडिस असं काहीही असेल. कॅमेरा घेतल्यापासून दोन महिन्यांत ते सेटिंगकर होतात. वय पंचेचाळीसच्या पुढे, मुलं कॉलेजात, घराचे हप्ते संपत आलेले. गळ्यात कंपनीचं नाव मिरवणारा काळा-पिवळा पट्टा आणि अंगात खिशाखिशांचं खाकी जाकीट. त्या खिशांत ब्लोअर सापडेल, ब्रश सापडेल, दोन जादा बॅटऱ्या सापडतील. रिक्षासाठी बायकोने बजावून काढून ठेवलेले सुटे पैसे तेवढे घरी टेबलावर असतात.

त्यांना फोटोग्राफर समजायची चूक करू नका. फोटोग्राफर फोटो काढतो. सेटिंगकर फोटोची तयारी करतात.

आमच्या मजल्यावरच्या सेटिंगकरांकडे निकॉनचा डी ७५०० आहे, २०१७ साली बाजारात आलेला. डावीकडे वर जी चकती असते ती चुकून फिरू नये म्हणून तिच्या मध्यभागी एक बटण दिलंय. ते दाबून धरल्याशिवाय चकती हलत नाही. सेटिंगकरांनी ते एकदाच दाबलं, चकती एमवर म्हणजे मॅन्युअलवर आणली, आणि तेव्हापासून घरातल्या कुणाचाही अंगठा त्या बटणाजवळ जाऊ दिलेला नाही. ऑटो मोडबद्दल ते सहसा बोलत नाहीत. विषय निघालाच तर खानदानी माणसाने पळून गेलेल्या चुलत्याचा विषय टाळावा तसा टाळतात.

एफचा आकडा जेवढा लहान, तेवढं लेन्सचं भोक मोठं. हे उलटं गणित ज्या दिवशी त्यांना उमगलं, त्या दिवसापासून ते दुसऱ्यांना उमगावं म्हणून झटताहेत. लिफ्टमध्ये सापडलात तर तिसऱ्या मजल्यापर्यंत तुम्हाला कळलेलं असतं, की ५० मिलिमीटरच्या लेन्सचं भोक २५ मिलिमीटर उघडलं की तो एफ २, कारण पन्नासला पंचविसाने भागलं. सातव्या मजल्यापर्यंत १.४, २, २.८, ४, ५.६, ८ हा पाढा होतो, आणि दर पायरीला प्रकाश निम्मा होतो, त्या एका पायरीला स्टॉप म्हणतात, हेही. मी पाचव्या मजल्यावर राहतो.

आयएसओचं तर विचारूच नका. या कॅमेऱ्यात तो १०० पासून ५१,२०० पर्यंत जातो आणि त्याही पुढे रेटत नेला तर १६,४०,००० वर पोचतो. सोळा लाख चाळीस हजार! हा आकडा सेटिंगकर फ्लॅटच्या किमतीसारखा सावकाश उच्चारतात. एका अमावास्येला त्यांनी तो गच्चीवर लावूनही पाहिला. फोटोत पाण्याची टाकी येणं अपेक्षित होतं. आला तो भाजलेला रवा. ‘पण आलं ना काहीतरी!’ असं ते म्हणाले आणि खाली आले.

कॅमेऱ्यातल्या मेनूची ए पासून जी पर्यंतची सगळी कलमं आणि पोटकलमं त्यांना तोंडपाठ आहेत. लग्नाची तारीख विचारली तर मात्र म्हणतात, “थांबा, पंचविसाव्या वाढदिवसाचा केक काढला होता, एक्झिफ बघून सांगतो.”

या सुखी संसारात एकच सल आहे. २०१५ च्या डी ७२०० मध्ये कार्डांच्या दोन खाचा होत्या. डी ७५०० मध्ये एकच आहे. शिवाय आधीच्यात २४.२ मेगापिक्सेल होते, यात २०.९. नवा घ्यावा आणि खाच कमी व्हावी, हे त्यांना आजतागायत पटलेलं नाही. “दुसऱ्या कार्डावर आपोआप प्रत राहिली असती हो!” मी विचारलं, आजवर एखादं कार्ड बिघडलंय का? “नाही. पण प्रश्न तत्त्वाचा आहे.”

या माणसाचं खरं तेज बघायचं तर लग्नात बघावं. गेल्या मोसमात भाचीचं लग्न होतं आणि सेटिंगकर मामा होते. आता नवरीला बोहल्यावर आणायचं आणि अंतरपाटाआड तिच्या मागे उभं राहायचं हे मामाचं काम, त्यात बदली चालत नाही. हळदीच्या दिवसापासूनच त्यांचा जीव टांगणीला लागला होता. हळदीला ऑटो व्हाइट बॅलन्सने घात केला होता: समोर सगळंच पिवळं दिसल्यावर कॅमेऱ्याला वाटलं की दिव्यातच खोट आहे, आणि त्याने मुलीच्या अंगावरची हळद परस्पर धुऊन काढली. फोटोतली नवरी गारठून निळसर पडलेली. म्हणून लग्नाच्या दिवशी त्यांनी केल्विनचे आकडे हातानेच लावायचे ठरवले. हॉलमध्ये खिडकीतून ऊन येत होतं, म्हणजे साधारण ५५००. स्टेजवर पिवळे हॅलोजन, म्हणजे ३२००. आणि डेकोरेशनवाल्याने मागे जांभळे दिवे सोडले होते, ज्यांचा केल्विन त्या डेकोरेशनवाल्यालाही ठाऊक नसावा. सेटिंगकर एका हाताने भाचीचा दंड धरून आणि दुसऱ्या हाताने चाकं फिरवत बोहल्यापर्यंत आले. वाटेत बहीण दातओठ खात म्हणाली, “दादा, तो धोंडा काढ गळ्यातला.” ते म्हणाले, “चार हजार दोनशे.”

मंगलाष्टकं सुरू झाली. पैसे देऊन बोलावलेला पोरगेलासा फोटोग्राफर समोरून खुणा करत होता, “काका, तुम्ही फ्रेममध्ये येताय!” पण मामाला फ्रेमबाहेर जाता येत नव्हतं आणि जायचंही नव्हतं. अंतरपाट दूर होताच दोघांची नजरानजर होणार, तो क्षण भाचीच्या खांद्यावरून टिपायचा, अशी योजना होती. फोकस त्यांनी थ्रीडी ट्रॅकिंगवर ठेवला होता. ही सोय मोठी हुशार असते. एकदा वस्तू दाखवली की तिचा रंग लक्षात ठेवते आणि ती हलेल तिकडे फोकस नेते. सेटिंगकरांनी कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा समोर ताणलेला पांढरा अंतरपाट होता आणि त्यावर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक. कॅमेऱ्याने ते मनोमन वरलं.

‘सावधान’ झालं. ताशा कडाडला, अक्षता उडाल्या, आणि सेटिंगकरांनी सेकंदाला आठच्या वेगाने बटण दाबून धरलं. ते फोटो मी पाहिलेत. पहिल्यात स्वस्तिक मध्यभागी. मग स्वस्तिक उजवीकडे सरकतंय. मग ते गुरुजींच्या कोपरापाशी आहे. त्यानंतर गुरुजी अंतरपाटाची घडी घालताहेत आणि स्वस्तिकाचे दोन पाय घडीत गेलेत. शेवटी गुरुजींच्या बगलेत एक लालसर कोपरा उरलाय. तो इतका रेखीव आलाय, की कापडाचे धागे मोजता येतात. नवरा-नवरी पार्श्वभूमीला आहेत. फार मऊ, मुलायम, धूसर.

“ट्रॅकिंग मात्र बघा काय चोख आहे!” सेटिंगकर मला म्हणाले. यावर काय बोलणार? होतं खरंच चोख.

मग घरच्यांचा ग्रुप फोटो. तीन ओळींत माणसं आणि लेन्स एफ १.८ वर, कारण एवढ्या हौसेने घेतलेली १.८ ची लेन्स ८ वर आणायची म्हणजे पैसे वाया. पहिल्या ओळीतल्या नातवाचं नाक स्पष्ट आलं. दुसऱ्या ओळीतली मंडळी ओळखीची वाटतात. तिसऱ्या ओळीत व्याही होते, असं सांगावं लागतं. आजोबांचं कडक पांढरं धोतर करडं आलं, त्याचं शास्त्रीय कारण सेटिंगकरांनी आजोबांनाच ऐकवलं: आतलं मीटर जगाकडे सरासरीने पाहतं, समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतं, त्यामुळे पांढऱ्यासाठी एक स्टॉप वर चढवावा लागतो. “मग चढवला का नाहीस?” आजोबांनी विचारलं. “मॅन्युअलमध्ये होतो ना,” सेटिंगकर म्हणाले. या उत्तराचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण आजोबा गप्प झाले हे खरं.

हळूहळू माझ्या एक गोष्ट लक्षात आली. लग्नघरात मध्यमवयीन पुरुषाच्या मागे कामं फार. वरपक्षाला स्टँडवरून आणा, आहेराची पाकिटं लिहून घ्या, पंगतीत जिलबीचा आग्रह करा, रुसलेल्या मावसभावाची समजूत काढा. गळ्यात कॅमेरा असला की यातलं एकही काम लागत नाही. भरपगारी रजाच ती. कुणी हाक मारली की सेटिंगकर एक डोळा मिटतात, आणि हाक मारणारा ‘असू दे, फोटो काढतोय’ म्हणत दुसऱ्याला गाठतो. वाकड्या तोंडाच्या नातलगांशी बोलावंही लागत नाही; त्यांना नुसतं ‘जरा डावीकडे’ म्हटलं की भागतं. एवढ्या सवलतीपुढे कॅमेऱ्याची किंमत मला तरी वाजवी वाटते.

फोटो मागायला मात्र जाऊ नये. ते सगळे रॉ असतात. एकेक पंचवीस-पंचवीस एमबीची फाइल, आणि प्रत्येक फाइल सेटिंगकरांच्या हाताखालून जायची आहे. “असे कच्चे कसे देऊ?” भाची सासरी रुळली, तिचं डोहाळजेवण झालं, त्याचेही फोटो त्याच हार्ड डिस्कवर रांगेत जाऊन बसले. दिवाणखान्यात फ्रेम करून लावलाय तो वहिनींनी फोनवर काढलेला.

फोनचं नाव मी चुकून काढलं. मग त्यांनी मला १९७५ पासून सुरुवात करून दिली: कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, तो ०.०१ मेगापिक्सेलचा होता आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. (सेटिंगकरांना अजूनही तेवढेच लागतात, पण ते कार्डावर उतरायच्या आधीचे.) २०१० साली जगभरातल्या कंपन्यांनी १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे विक्रीला पाठवले होते, २०२१ मध्ये हा आकडा एक कोटीच्याही खाली गेला. एवढी फौज फोनने कापून काढली आणि खिंडीत आपण एकटे उरलो, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

तरी खरेदी चालूच. मुंबईला फोर्टात कामासाठी गेले की पाय बोरा बाजारकडे वळतात. ‘फक्त यूव्ही फिल्टर’ आणायला गेलेले सेटिंगकर २००-५०० ची लेन्स घेऊन आले, दोन किलो तीनशे ग्रॅमची. बिलावरची किंमत आणि घरी सांगितलेली किंमत यांत बरोबर एका स्टॉपचा फरक होता. ती घेऊन हिवाळ्यात ते भिगवणला गेले. उजनीच्या पाण्यात, होडीपासून हाकेच्या अंतरावर रोहितांचा थवा उभा. शटर १/१६०० ठेवावं की १/२०००, याचा विचार चालू असताना नावाडी म्हणाला, “सायेब, उडालं.”

एका विजयाची नोंद मात्र करायला हवी, नाहीतर अन्याय होईल. सोसायटीच्या स्नेहसंमेलनात न्यू जर्सीहून आलेला त्यांचा पुतण्या मुलांच्या नाचाचं शूटिंग करत होता, आणि त्याच्या महागड्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर काळे आडवे पट्टे वरून खाली सरकत होते. कॅमेरा बिघडला म्हणून तो रडकुंडीला आलेला. सेटिंगकरांनी लांबूनच नुसतं पाहिलं आणि म्हणाले, “अमेरिकेत साठ हर्ट्झ. इथे पन्नास. आपले दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात रे. शटर पन्नासावर घे.” त्याने घेतलं. पट्टे गेले. हॉलमधल्या अख्ख्या रांगेने वळून पाहिलं. इतक्या लग्नांत, इतक्या होड्यांत जे घडलं नव्हतं ते घडलं: सेटिंग बरोबर होतं आणि वेळेवर होतं. अर्थात कॅमेरा दुसऱ्याचा होता.

पावसाळा हा सेटिंगकरांचा चातुर्मास. बाहेर पडायचं नाही; घरी बसून लेन्सला बुरशी लागू नये म्हणून जपायचं. आधी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या असत, आता काचेच्या दाराचं विजेवर चालणारं कपाट आलंय. आतली आर्द्रता ४५ टक्क्यांवर ठेवायची. यंदा श्रावणात मी गेलो तर सेटिंगकर त्या कपाटापुढे मांडी घालून बसले होते आणि काटा ५२ वर होता.

“कुणीतरी दार उघडतंय,” ते म्हणाले.

“मी,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. खालच्या कप्प्यात, २००-५०० च्या शेजारी, उडदाच्या पापडांची चळत होती, आणि तिच्यामागे कुरडया.

“अगं, ते लेन्सचं कपाट आहे!”

“लेन्सला लागतं तेच पापडाला लागतं. तीन वर्षं हे सादळतायत, तुमच्या त्या काचेला काही होत नाही.” तळलेल्या पापडांचं ताट घेऊन त्या बाहेर आल्या. पापड खरोखर उत्तम झाले होते. पापुद्र्यावरचा एकेक फोड फुलून आला होता आणि खिडकीतून तिरपा उजेड पडला होता. सेटिंगकरांनी ताटाकडे पाहिलं. मग उजेडाकडे पाहिलं. हात कपाटाकडे गेला.

“खा आधी,” वहिनी म्हणाल्या. “तुमचं सेटिंग होईस्तोवर मऊ पडतील.”