सिमेंटचा सोमवार

मेव्हण्यांची ताम्हिणीच्या अलीकडे 11 गुंठे वडिलोपार्जित जमीन आहे. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. त्यांचा कोथरूडचा फ्लॅट एका गुंठ्यात मावून वर चपला काढायला जागा उरते. नोकरी हिंजवडीला. हिंजवडीही मुळशी तालुक्यातच मोडत असल्याने "मी गावीच काम करतो" असं ते शपथेवर सांगू शकतात.

या जमिनीवर एका खोलीचं, पडवीचं कौलारू घर स्वतःच्या हातांनी बांधायचं ठरलं. तेही शनिवार-रविवारी. वर्षाचे 52 आठवडे, म्हणजे 104 दिवस. पावसाळ्याचे चार महिने वजा जाता उरले सत्तर. लग्नं, मुंजी, सोसायटीची सभा आणि लेकीच्या परीक्षा वगळल्यावर तीसेक. चांदणी चौकातल्या वाहतूक कोंडीत गेलेले तास कुणी मोजले नाहीत. पण मेव्हण्यांनी पाहिलेल्या व्हिडिओत अख्खं घर चौदा मिनिटांत उभं राहत होतं. त्या मानाने तीस दिवस म्हणजे चैन. मजूर म्हणून प्रस्तुत लेखकाची नेमणूक झाली, कारण तो नात्याने साला लागतो आणि त्याला रोजही द्यावा लागत नाही.

पहिल्या रविवारी चौथऱ्याचं काँक्रीट पडलं. सेल्फी निघाले. मंडळी पुण्याला परतली आणि खरी अडचण सोमवारी सुरू झाली. सिमेंट वाळून घट्ट होतं असा शहरी समज आहे. प्रत्यक्षात ते पाणी पिऊन घट्ट होतं. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस ओलं ठेवावं लागतं आणि त्याची ताकद 28 दिवसांनी मोजली जाते. आता बुधवारी स्टँडअप मीटिंगमधून उठून मुळशीत पाणी मारायला कोण जाणार? मेव्हण्यांनी यावर शोध लावला. गोणपाटं अंथरायची आणि त्यांवर भोकं पाडलेल्या पाण्याच्या बाटल्या उलट्या टांगायच्या. पुढच्या शनिवारी गोणपाटं कोरडी ठणठणीत होती आणि बाटल्या वानरांकडे होत्या.

"दादा, ह्ये शिमिट हाय," खालच्या वाडीतले मामा म्हणाले. "त्येला शनवार-आयतवार कळत न्हाय."

तेव्हापासून पाणी मामा मारू लागले. मग भिंतीच्या चार थरांचं आठवड्यात काय करायचं, तेही मामाच बघू लागले.

मेव्हणे अशा वेळी अमेरिकन लेखक थोरोचा दाखला देतात. वॉल्डन तळ्याकाठी त्याने 28 डॉलर साडेबारा सेंटमध्ये स्वतः घर बांधलं, हे खरं आहे. पण त्याचा हिशोब नीट वाचावा. कुऱ्हाड उसनी आणली होती, जमीन त्याच्या मित्राची, एमर्सनची होती, फळ्यांसाठी एका आयरिश रेल्वे मजुराची झोपडी सव्वाचार डॉलरला विकत घेऊन मोडली होती आणि सांगाडा उभा करायला ओळखीपाळखीची माणसं आली होती. शिवाय 1845च्या मार्चअखेरीला सुरुवात करून तो 4 जुलैला राहायला गेला, तेव्हा प्लास्टर आणि धुराडं दोन्ही बाकीच होतं. मुख्य म्हणजे त्याला दर सोमवारी लॉगिन करायचं नव्हतं.

पडवीचा कोबा मात्र पूर्णपणे मेव्हण्यांचा. तिथे त्यांनी कुणालाही हात लावू दिला नाही. पातळी बघायला पारदर्शक नळीत पाणी भरलं. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर येतं, हे शाळेतलं विज्ञान. शाळेत हे शिकवत नाहीत की नळीत मधेच हवेचा बुडबुडा अडकला तर दोन्ही टोकं बिनदिक्कत खोटं बोलतात. बुडबुडा लेखकाने पाहिला होता. पण साल्याने मत द्यायचं नसतं.

कौलांचा अध्याय छोटा आहे. रिपांमधलं अंतर हातातल्या कौलावरून घ्यायचं असतं. मेव्हण्यांनी ते व्हिडिओवरून घेतलं. कौलं एकमेकांच्या खाचेत बसेनात. रिपा दोनदा उपटल्या, तिसऱ्यांदा मामांनी एका मंगळवारी सगळ्या ठोकून टाकल्या. मेव्हण्यांनी त्या कामाला "फिनिशिंग" असं नाव दिलं. एका कोपऱ्यातली दहा-बारा कौलं तेवढी त्यांनी हट्टाने स्वतः लावली.

मग जून आला. पुणे शहरात वर्षभरात जेमतेम 700-750 मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणी घाटात पाच हजारांचा आकडा ओलांडला तरी तिथे कुणाला नवल वाटत नाही. त्यातला पडवीच्या वाट्याला आलेला सगळा पाऊस कोब्याच्या उतारावरून शिस्तीत घरात आला, कारण उतार अंगणाकडे नव्हता, घराकडे होता. मेव्हण्यांनी उंबऱ्यात विटांचा एक बांध घातला. त्याला पाणी मारायची गरज पडली नाही.

जुलैतल्या एका रविवारी ऑफिसची मंडळी घर बघायला आली. कांदाभजी झाली. मेव्हणे वेताच्या खुर्चीत बसून "एकूण एक वीट या हातांनी" असं सांगत होते आणि हात दाखवत होते. हात खरंच सोललेले होते. मामा भिंतीला टेकून चहा पीत होते. बाहेर आभाळ भरून आलं. मामांनी कप खाली ठेवला, मोरीतली बादली आणली, पाहुण्यांच्या मधून वाट काढत दहा-बारा कौलांच्या कोपऱ्याखाली ठेवली आणि परत येऊन चहा पिऊ लागले.

पहिला थेंब दोन मिनिटांनी पडला. बरोबर बादलीत.